गल्लीच्या बाजूचा पाइप

कॉम्प्रेसर घरात चढवायला चार हमाल लागले आणि चौघांनीही मला एकच प्रश्न विचारला, "काका, एकटेच राहता, एवढ्या हवेचं करणार काय?" पहिल्याला मी म्हटलं, "खाणार." पुढच्या तिघांनाही तेच म्हटलं. लोकांना एकदा विचारून समाधान होत नाही, प्रत्येकाला स्वतःच्या कानांनी ऐकायचं असतं.

पंक्चरवाल्याकडे जो कॉम्प्रेसर असतो तो याच्यापुढे तान्हं बाळ. टायरमध्ये जेवढा दाब असतो त्याच्या शंभरपट दाबाने हा हवा भरतो. पाण्याखाली काम करणारे लोक पाठीवर जे सिलिंडर बांधतात, त्यांच्यात जाते ही हवा. एकतीस वर्षं मी पाणीपुरवठा खात्यात हेच केलं. धरणाच्या दरवाजांची तपासणी करायला पाणबुडे खाली जायचे आणि मी काठावर त्यांचे सिलिंडर भरायचो. हवा भरतो म्हणून मला सगळे हवालदार म्हणायचे. मी स्वतः कधी पाण्यात उतरलो नाही. मला पोहता येत नाही.

तर हा कॉम्प्रेसर खात्याने भंगारात काढला, तो मी घेतला. कारण लेकीला सांगितलं ते असं की, बुडालेल्यांना शोधणारं एक स्वयंसेवकांचं पथक आहे, त्यांना सिलिंडर भरायला दोन तासांवर जावं लागतं, त्यांची सोय होईल. हे खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. आमची ही गेल्याला दोन वर्षं झाली होती आणि माझ्या दाराची घंटी वाजेनाशी झाली होती. दर रविवारी सहा माणसं सिलिंडर घेऊन घरी येतील, तासभर बसतील, यंत्राच्या आवाजात ओरडून बोलतील, मी त्यांच्यावर खेकसेन, एवढंच मला हवं होतं. पथकाच्या बाई म्हणाल्या होत्या, "रविवारी सकाळी नऊला येतो, काका. मशीन चालताना बघू, हवा तपासू, आणि ठीक असेल तर दर रविवार तुमचा." म्हणजे सगळं त्या एका रविवारावर येऊन थांबलं होतं.

मागची खोली रिकामी केली. यंत्राखाली रबराचे जाड ठोकळे घातले, नाहीतर ते चालता चालता दारापर्यंत चालत आलं असतं. पाच हॉर्सपॉवरची मोटर, तीन फेजवर चालणारी. घरात होता एकच फेज. वीज कंपनीकडे चार खेपा घातल्या, तेव्हा कुठे नवं मीटर मंजूर झालं. इलेक्ट्रिशियनने जाड केबल टाकली, अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणला, स्टार्टर बसवला. स्टार्टर यंत्राशेजारी असायला हवा, पण लेकीने फोनवर अटच घातली. "बाबा, बटण त्या खोलीत नको. ते फुटलंबिटलं तर तुम्ही बाहेर असायला हवं." म्हणून बटण बसलं पुढच्या दाराजवळ, मीटरखाली. तिथून मागच्या खोलीपर्यंत दोन दारं आणि एक वळण. काळजीपोटी माणसं असली गैरसोय करून ठेवतात.

राहिला हवा ओढायचा पाइप. तो मी मागच्या खिडकीतून गल्लीत सोडला, जमिनीपासून हातभर उंचीवर. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "गच्चीवर न्या की. वर हवा स्वच्छ. इथे तर शेजाऱ्यांची गाडी लागते." मी म्हटलं, "तू वायरचं बघ. हवेचं मला शिकवू नकोस." जरा जास्तच जोरात म्हटलं. तो बिचारा मान हलवून वायरकडे वळला, आणि शुक्रवारी काम संपवून गावाला निघून गेला, सोमवारी येतो म्हणून.

वीज कंपनीचा माणूस शनिवारी दुपारी आला, तीन फेज जोडून, सही घेऊन गेला. आणि मी एकटा त्या बटणासमोर उभा राहिलो.

ज्यांनी ही कामं केली नाहीत त्यांना सांगतो. तीन फेजच्या मोटरला तीन वायरी, लाल, पिवळी, निळी. त्यांतल्या दोन जरी अदलाबदल झाल्या तरी मोटर उलटी फिरते. साधा पंप उलटा फिरला तर पाणी चढत नाही, एवढंच. पण हे यंत्र उलटं फिरलं तर आतलं तेल वर चढत नाही, आणि दोन मिनिटांत पिस्टन भाजून यंत्र कामातून जातं. म्हणून पहिल्यांदा बटण फक्त टिचकी मारल्यासारखं दाबायचं, लगेच सोडायचं, आणि पंखा कुठल्या बाजूला वळला ते बघायचं. हे दोघांचं काम आहे. एक बटणाशी, एक यंत्राशी. आमच्याकडे रीत होती, यंत्राशी उभा असलेला माणूस "आहे!" म्हणून ओरडायचा, तोवर बटणाला हात लावायचा नाही. मी कायम बटणाशी असायचो. यंत्राशी असायचा बदक, आमच्यातला एक पाणबुडा.

घरात दुसरं माणूस नव्हतं. हे मला दोन वर्षं ठाऊकच होतं, पण इतकं अडलं कधी नव्हतं.

आधी मी बटण दाबून पळत गेलो. या वयात पळणं म्हणजे लोकांच्या दृष्टीने चालणंच. पोहोचेपर्यंत पंखा थांबलेला, शांत, मी काही केलंच नाही असा चेहरा करून. मग पंख्याच्या जाळीला कागदाची पट्टी चिकटवली, पण तेवढ्या टिचकीत ती नुसती थरथरली. मग फोन समोर टेकवून चित्रण केलं, तर चित्रणात पंखा आधी उलटा फिरला, मग सुलटा, मग जागच्या जागी थांबला. फोनच्या डोळ्याला फिरणाऱ्या गोष्टी कळत नाहीत. तरी लेकीला थेट व्हिडिओवर घेतलं, फोन यंत्रासमोर स्टुलावर ठेवला आणि बटणाशी जाऊन ओरडलो, "बघ हं!"

"बाबा, उलटा! नाही नाही, सुलटा. थांबा, आता परत उलटा."

"नीट बघ गं!"

"नीटच बघतेय. तुम्ही शेजारच्या कुणाला तरी बोलवा ना, दोन मिनिटांचं काम."

शेजारी. अकरा वर्षांत शेजारच्या माणसाशी माझं एकच वाक्य झालेलं, "गाडी जरा पुढे घ्या." त्याचं नावही मला माहीत नव्हतं. तरी गेलो. घराला कुलूप होतं, गाडीही नव्हती. समोरच्या घरातल्या बाईंनी साखळी न काढता फटीतून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे संध्याकाळी येतील, तेव्हा विचारा." मी म्हटलं, बरं. काय विचारायचं होतं ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

घरी येऊन फोनमधले नंबर वर-खाली केले. लेक, गॅसवाला, दातांचा डॉक्टर, बँक, इलेक्ट्रिशियन. हिचा नंबर. तो मी काढलेला नाही. आणि तळाशी बदक. पायात रबरी फ्लिपर्स घालून काठावर फेंगडा चालायचा म्हणून बदक. सव्वीस वर्षं माझी हवा ओढून तो पाण्याखाली गेला होता, आणि चार वर्षं आम्ही बोललो नव्हतो.

का ते सांगतो. निवृत्तीला एक वर्ष होतं. धरणावर काम होतं, तिथली वीज गेलेली, म्हणून डिझेलचा जनरेटर लावून सिलिंडर भरले. बदक खाली गेला आणि दहा मिनिटांत वर आला, ओकत, झोकांड्या खात, डोकं फुटतंय म्हणत. चौकशी झाली. तो आदल्या रात्री एका मित्राच्या निरोपाच्या जेवणाला गेला होता, सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी मला विचारलं, हवा कशी होती? मी म्हटलं, "हवा चोख होती. माणसाचं विचारा." त्याचं पाण्यातलं काम काढून घेऊन त्याला ऑफिसात टेबलकामाला बसवलं. दारू पिऊन पाण्यात उतरला हे त्याच्या नावाला चिकटलं. ही गेली तेव्हा तो आमच्या फाटकापर्यंत आला, आत आला नाही, मी चपला घालून बाहेर येईपर्यंत निघून गेला होता. माझ्यावर डूख धरून आहे, असं मी समजलो आणि गप्प बसलो.

त्याला फोन केला. म्हटलं, "तीन फेज आहे. उद्या नऊला बाईंचं पथक यंत्र बघायला येतंय, आणि दिशा बघायला माणूस नाही."

मग तो म्हणाला, "पत्ता तोच ना?"

चार वाजता आला. वाळला होता. चप्पल दारात काढली, माझ्याकडे नीट न बघता सरळ मागच्या खोलीत गेला, जसा काही कालच कामावरून सुटला होता. मी बटणाशी उभा राहिलो.

"आहे!" आतून आवाज आला.

मला बटण दाबायला जरा वेळ लागला.

"उलटा!"

ब्रेकर खाली केला, स्टार्टर उघडला, लाल आणि निळी अदलाबदल केली, झाकण लावलं. पुन्हा "आहे!", पुन्हा टिचकी.

"सुलटा! चालू कर आता!"

यंत्र धडधडायला लागलं. मी आत गेलो. बदक तेलाच्या काचेजवळ वाकून बघत होता, दाबाच्या काट्यावर टिचकी मारत होता. मला वाटलं, झालं, आता चहा करावा, बसावं. तेवढ्यात त्याची नजर पाइपवर गेली आणि पाइपमागोमाग खिडकीबाहेर. शेजारी परत आला होता. गाडी मागे घेत होता. तिचं धूर सोडणारं नळकांडं माझ्या पाइपपासून दोन हातांवर येऊन थांबलं.

बदकाने मला खूण केली. मी यंत्र बंद केलं.

"गच्ची आहे ना तुला?"

"आहे."

"मग?"

मी सुरू झालो. पाइप लांब झाला की ओढ कमी होते, वर पाखरं घाण करतात, उन्हाने रबर तडकतं, गाडी काही सारखी चालू नसते. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तू हे काम एकतीस वर्षं केलंस," तो म्हणाला. "नवशिक्याही इथे पाइप सोडणार नाही. असं का केलंस?"

आणि माझ्या तोंडून निघून गेलं. "इथे वर नेला असता, तर तिथेही वर न्यायला हवा होता, असं झालं असतं."

"तिथे कुठे?"

"धरणावर."

त्याला कळलं नाही. खरंच कळलं नाही. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, म्हणून मला सगळं सांगावं लागलं. जनरेटर शेजारीच होता. पाइप खाली जमिनीवर टाकलेला. सकाळी वारं तळ्याकडे होतं, मग फिरलं, आणि मी चहा प्यायला गेलो होतो. परत आलो तेव्हा धूर सरळ पाइपवर येत होता. सिलिंडर भरून झाले होते. मी स्वतःला म्हटलं, एवढ्याने काही होत नाही. तो वर आल्यावर सगळे त्याच्याभोवती जमले आणि मी त्याच्या सिलिंडरमधली उरलेली हवा सोडून दिली. तपासायला काही राहिलं नाही.

तो स्टुलावर बसला. मला वाटलं, आता हात उचलेल. उचलला असता तर बरं झालं असतं.

"दोन ग्लास घेतले होते मी आदल्या रात्री," तो हळू म्हणाला. "मला वाटलं, तेच. तू म्हणालास हवा चोख होती. तू म्हणालास म्हणून मी मानलं. तुझ्या हवेवर शंका घ्यायची तर मी एकदाही खाली गेलो नसतो."

"मला वाटलं, तू माझ्यावर चिडून..."

"चिडून? मला तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती. तुझ्या कामाला माझ्यामुळे डाग लागला म्हणून. वहिनी गेल्या तेव्हा फाटकाशी उभा राहिलो, आत यायला तोंड नव्हतं." तो पंख्याच्या जाळीवरची कागदाची पट्टी सोलून काढू लागला. "सून नातवाला माझ्याबरोबर पोहायला पाठवत नाही. मुलगा काही बोलत नाही. मीसुद्धा म्हणतो, बरोबर आहे तिचं."

मी चार वर्षं समजत होतो की माझं खोटं फक्त साहेबांनी खरं मानलं. ज्याच्यावर घातलं त्यानेच ते खरं मानून अंगावर घेतलं होतं. माफ कर असं काहीतरी म्हणालो असेन. त्याने ऐकलं नाही की ऐकून सोडून दिलं, माहीत नाही.

"दहा मीटर पाइप लागेल," तो उठत म्हणाला. "कोपऱ्यावरचं दुकान उघडं असेल."

पाइप आणला. त्याने शिडी धरली, मी चढलो. मग मला चक्कर येतेय असं त्याला वाटलं, म्हणून मी धरली आणि तो चढला. पाइप गच्चीच्या कठड्याच्याही वर नेऊन बांधला, तोंडाला जाळी लावली. दीड तास आम्ही "पाना दे" आणि "घट्ट धर" याशिवाय काही बोललो नाही. त्या दीड तासात मला सारखं वाटत होतं की काम संपूच नये.

चपला घालताना त्याने विचारलं, "उद्या नऊला येतायत ना ते?"

"हो."

"बाईंना मीच पाण्यात उतरायला शिकवलं, त्यांचं सगळं पथक मला उस्ताद म्हणायचं. आता समोर दिसल्या की नमस्कार करतात आणि लगेच दुसरीकडे बघतात." मग म्हणाला, "मी त्यांना काही सांगणार नाही. सांगायचं तर तू."

रविवारी नऊला पाच मिनिटं असतानाच घंटी वाजली. सहा जण होते, ओल्या रबराचा वास येणारे, घरभर मोठमोठ्याने बोलणारे. एकाने माझ्या हातातून किटली काढून घेतली, "बसा हो काका, आम्ही ओततो." दोघं यंत्राभोवती फिरून वाहवा करत होते. मी त्यांच्यावर खेकसलो, "हात लावू नका, गरम आहे!" आणि ते हसले. अगदी मी मनात पाहिलं होतं तसं. बाईंनी काचेच्या नळीतून हवा तपासली, नळीतल्या पुडीचा रंग बदलतो का ते पाहिलं, वास घेतला, पाइप कुठे जातो ते विचारलं आणि गच्चीवर जाऊन बघूनही आल्या.

"उत्तम," त्या म्हणाल्या. "ठरलं काका. दर रविवारी आम्ही तुमच्या डोक्याला ताप."

त्यांनी हात पुढे केला. मी तो धरणारच होतो. खिडकीतून समोरच्या फुटपाथवर बदक दिसला. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. रस्ता ओलांडत नव्हता, घराकडे बघतही नव्हता, बसची वाट बघणाऱ्यासारखा नुसता उभा होता. तिथे बस थांबत नाही.

इतकं सोपं होतं गप्प बसणं. त्याने वचन मागितलं नव्हतं. मी आयुष्यात जेवढा लालची झालो नसेन तेवढा त्या क्षणी झालो. सहाच्या सहा जणांनी रविवारी यावं, किटली ओतावी, मला काका म्हणावं, बस्स.

"बाई, एक मिनिट," मी म्हटलं. "धरणावर त्या दिवशी उस्तादांनी जी हवा घेतली, ती मी भरली होती. ती खराब होती. जनरेटरचा धूर गेला होता तिच्यात. मला माहीत होतं."

किटलीवाला किटली धरून तसाच उभा.

"चौकशीत तर हवेचं काही निघालं नव्हतं," बाई म्हणाल्या.

"तपासायला काही ठेवलं नव्हतं मी. उरलेली हवा सोडून दिली."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

बाईंनी हात कधीच मागे घेतला होता. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्या मनात मागचे दिवस मोजत होत्या. किती वेळा नमस्कार करून दुसरीकडे पाहिलं, ते.

"सिलिंडर उचला," त्या आपल्या लोकांना म्हणाल्या.

रिकामे सिलिंडर घेऊन ते एकामागोमाग बाहेर पडले. काही जणांनी चहा संपवलाही नव्हता. बाई दारात थांबल्या. "आजची हवा चांगली आहे, काका. मी स्वतः तपासली. पण पाण्याखाली माणूस हवा तपासत बसत नाही."

"बरोबर आहे," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

त्या रस्ता ओलांडून बदकाकडे गेल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. तो मान खाली घालून उभा होता. त्यांनी त्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग गाडीचं पुढचं दार उघडलं. पुढे बसलेला पोरगा आपणहून उतरून मागे सिलिंडरांमध्ये जाऊन बसला. आतून कुणीतरी ओरडलं, "उस्ताद, चला तळ्यावर!" बदक एकदा नाही नाही म्हणाला, हाताने शर्ट दाखवला, हा असा कसा येऊ म्हणून. त्यांनी ऐकलं नाही. तो चढला.

निघताना त्याने माझ्या दाराकडे पाहिलं की नाही, ते मला सांगता येणार नाही, काचेवर ऊन होतं. मी हात वर केला होता, तो तसाच राहिला. मला बरं वाटत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींत कमी-जास्त काही नव्हतं. गाडी वळून दिसेनाशी झाली. मग मी दार लावलं आणि मीटरखालचा ब्रेकर खाली केला, कारण आता कुणी येणार नव्हतं.